खिळ्याच्या भोकातला पुरावा

1962 सालचा फेंडर कंपनीचा जॅझ बेस विकायला निघाला, की जाणकार गिऱ्हाईक तो वाजवण्याआधी उघडून बघतं. पिकगार्डचे, म्हणजे धडावरच्या संरक्षक पत्र्याचे, स्क्रू काढायचे, टॉर्च लावायचा आणि लाकडात बारीक भोकं शोधायची. ही खिळ्यांची भोकं असतात. त्यांच्या आत कोरं लाकूड दिसलं तर सौदा पुढे सरकतो. आत रंग दिसला, तर किंमत जागच्या जागी निम्म्यावर येते.

त्यामागची गोष्ट साधी आहे आणि म्हणूनच थक्क करणारी. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात गिटारचं धड रंगवण्याआधी त्याच्या पुढच्या अंगाला खिळे ठोकत. ओलं धड पालथं ठेवलं तरी ते खिळ्यांच्या पायांवर उभं राही आणि रंग कशाला चिकटत नसे. रंग वाळला की खिळे उपटायचे आणि वर पिकगार्ड बसवायचा. खिळा निघाल्यावर उरलेल्या भोकात रंग असायचं कारणच नाही. पुढे कधीतरी कोणी जुना रंग खरवडून नवा फवारला, तर तो मात्र भोकात उतरतो. 1964च्या सुमारापर्यंत ही पद्धत होती. खिळे ठोकणाऱ्या कामगाराला दिवसाचा माल संपवायचा होता. आज त्याच्या हातोडीच्या खुणांवर हजारो डॉलरचे व्यवहार ठरतात.

मुळात हे वाद्य कोणी जपून ठेवावं म्हणून घडवलेलंच नव्हतं. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी बेस म्हणजे माणसाएवढा उंच डबल बेस. तो गाडीत मावत नसे आणि ड्रम नि ट्रम्पेटच्या गलक्यात ऐकूही येत नसे. 1951 साली लिओने त्याला पर्याय काढला : 34 इंची तारेची, पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची विजेची बेस गिटार. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून तिला त्याने ‘प्रिसिजन’ म्हटलं. 1960मध्ये निमुळत्या मानेचा जॅझ बेस आला, यादीतली किंमत 279 डॉलर 50 सेंट. नाचगाण्याच्या वाद्यवृंदांसाठी केलेलं हे रोजच्या कामाचं हत्यार होतं. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत तालाखाली जी खोल, डुलत चाललेली ओळ ऐकू येते, तीही याच जातीच्या वाद्याची. टोनी वाझ यांनी त्यातली कितीतरी वाजवली.

लिओच्या दुरुस्तीवाल्या डोक्यामुळेच पुढे खरी गंमत झाली. व्हायोलिनची मान धडाला सरसाने चिकटवलेली असते. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. मान वाकली? काढा, दुसरी लावा. गिऱ्हाइकाची सोय झाली, पण साठ वर्षांनी पारखणाऱ्याची पंचाईत. कारण एकाची मान, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याचे पिकअप (तारांचं कंपन टिपणारे भाग) असा जोडून केलेला बेसही वरून अगदी एकसंध दिसतो. म्हणून प्रत्येक भागाला वेगळं विचारावं लागतं : तू कधीचा?

आणि भाग बोलतात. मान काढली की तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा, 1962पासून, शिक्क्याने उमटवलेली तारीख सापडते. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो गोल पोटेंशिओमीटर असतो, त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. समजा 3046225 असे आकडे दिसले. पहिले 304 म्हणजे स्टॅकपोल ही कंपनी, 62 म्हणजे 1962 साल आणि 25 म्हणजे पंचविसावा आठवडा. हा बेस त्या जूनच्या आधी तयार झालेला असणं शक्य नाही. पण नंतर किती, ते आकडा सांगत नाही. 1966मध्ये फेंडरने पोटेंशिओमीटरचा एवढा मोठा साठा घेतला, की तो पुढची काही वर्षं पुरला. त्यामुळे 1969च्या अस्सल बेसमध्ये 66चा आकडा निघाला तरी दचकायचं कारण नाही. मानेच्या स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवरचा सिरियल नंबर तर त्याहून बेभरवशाचा. पट्ट्या डब्यात पडलेल्या असत, हाताला येईल ती लावत. सरावलेली नजर म्हणून एका आकड्यावर विसंबत नाही. तारीख, आकडे, डाख दिलेल्या जोडांची जुनी चकाकी आणि स्क्रूंची झीज असे सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात का, ते ती ताडून बघते. सातबाऱ्यावरच्या नोंदी एकमेकींशी जुळतात का हे बघितल्याशिवाय जमीन घेऊ नये, तसंच हे.

रंगाची कथा आणखी न्यारी. नेहमीच्या तपकिरी-पिवळ्या छटेऐवजी गिऱ्हाइकाला आवडीचा रंग हवा असेल तर फेंडर पाच टक्के जादा घेई. जॅझ बेसवर हिशेब केला तर अवघे चौदा डॉलर. हे रंग मोटारींचे होते. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्डचा. फार थोड्या लोकांनी ते चौदा डॉलर मोजले, म्हणून आज त्या रंगाचा मूळ बेस साध्या छटेच्या जुळ्या भावापेक्षा कितीतरी महाग जातो. त्यात रंगावरचं नायट्रोसेल्युलोजचं पारदर्शक लॅकर वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं होतं. हिरवट दिसणाऱ्या बेसचा पिकगार्ड उचलला, की खाली उजेड न लागलेला जुना निळा तसाच असतो. अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं आणि मागाहून मारलेला ठिगळाचा रंग वेगळा उठून दिसतो. 1970च्या दशकात लाकडाचा पोत दाखवायची फॅशन आली आणि कित्येकांनी हौसेने हे रंग खरवडून टाकले. त्यामुळे जे वाचले त्यांचा भाव आणखी चढला.

मानेवरच्या काळपट पट्टीचं लाकूड हा व्यवहारातला आणखी एक पेच. ते ब्राझीलचं रोझवूड, म्हणजे डाल्बर्जिया नायग्रा. 1992पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत, त्यामुळे असा बेस विकून सीमेपार पाठवायचा तर परवाने लागतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने भारतीय रोझवूड वापरायला घेतलं. ते म्हणजे आपली सह्याद्रीतली शिसव. कोकणातल्या जुन्या घरांत जिची कपाटं आणि पेट्या असतात, तीच.

एवढी काटेकोर पारख ऐकल्यावर वाटेल, की जगातले सगळ्यात मोलाचे बेस अगदी अस्पर्श असणार. घडतं उलटंच. बेसवादक जॅको पॅस्टोरियसने आपल्या 1962च्या, पडदे उपटलेल्या जॅझ बेसच्या मानेवर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला. बाजाराच्या नियमाने हे वाद्य बाद. पण त्या गुळगुळीत मानेवरूनच त्याने बेसला गातं करून सोडलं. 1986मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बागेतून तो बेस चोरीला गेला. वीसएक वर्षांनी सापडला, आणि मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे घालून 2010मध्ये तो सोडवून आणला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफ्नर बेस पाहा. 1961मध्ये हॅम्बर्गमध्ये साधारण तीस पौंडांना घेतलेला, 1964मध्ये नव्याने रंगवलेला, दोन्ही पिकअप लाकडाच्या एकाच तुकड्यात बसवलेला. 1972मध्ये लंडनमधल्या एका व्हॅनमधून तो गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी मालकाकडे परतला. इतर कुठल्याही हॉफ्नरची किंमत पाडणाऱ्या या फेरफारांनीच त्याची ओळख पटवायला मदत केली.

म्हणजे बाजार दोनच गोष्टींना पैसे मोजतो : एक तर वाद्य कारखान्यातून निघाल्यापासून कोणाचा हात लागला नाही याचा पुरावा, नाहीतर कोणाचा हात लागला याचा. आवाज या हिशेबात जवळजवळ येतच नाही. ज्याला बेस कपाटात ठेवायचा नसून वाजवायचा आहे, त्याच्यासाठी ही चांगली बातमी आहे. मान मूळची, पिकअप मूळचे, तारखा जुळणाऱ्या, पण रंग मागाहून दिलेला असा 1962चा बेस जवळपास निम्म्या भावात मिळतो. धंद्यात अशा मालाला ‘प्लेअर ग्रेड’ म्हणतात. विकणाऱ्याकडून मानेच्या टाचेचे, पोटेंशिओमीटरच्या पाठीचे आणि पिकगार्डखालचे फोटो आधी मागवावेत. खिळ्यांच्या भोकांत रंग दिसला, तर नाराज न होता घासाघीस सुरू करावी.