एक झाड बियाण्याचे

भाजीवाल्यापुढे उभे राहून भेंडीचे टोक कटकन मोडून पाहण्याची विद्या आपल्याकडे आईकडून लेकीकडे वारशाने येते. टोक मोडले की भेंडी कोवळी, नुसते वाकले की जून. भाजीवाला कितीही कुरकुरला तरी ही परीक्षा चुकत नाही. खाण्याची भेंडी निवडताना आपण इतक्या चोखंदळ. पण पेरण्याची भेंडी निवडायची वेळ आली की हा चोखंदळपणा कुठे जातो कोण जाणे! घरच्या झाडावर पानांआड एखादी शेंग नजरेतून सुटते आणि हाती लागते तेव्हा दोरासारखी चिवट झालेली असते. “भाजीला नको, आता बियाण्याला राहू द्या,” असे म्हणून तिची सोय लावली जाते. म्हणजे उत्तम ते कढईत आणि उरलेसुरले पुढच्या वर्षासाठी!

झाडाचे गुण बियांतून पुढे उतरतात, हे लक्षात घेतले तर या रीतीतला तोटा कळेल. जे झाड लवकर फुलले, ज्याच्या शेंगा सरळ आणि कोवळ्या निघाल्या, त्याची प्रत्येक शेंग आपण आवडीने खातो. त्याचा वंश तिथेच संपतो. ज्या झाडाकडे कोणी फिरकले नाही, त्याचे बी मात्र डबीत जाते. असे काही वर्षे चालले, की “घरची भेंडी पूर्वीसारखी लागत नाही हो,” ही तक्रार ठरलेलीच. बियाण्याचे झाड पीक संपताना नव्हे, ते ऐन भरात असताना निवडावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. पण त्याआधी पेरणीचे पाहू.

पेरावे केव्हा आणि कसे?

भेंडी उबेची भुकेली आहे. जून-जुलैची पावसाळी पेरणी आणि जानेवारीअखेर ते मार्चपर्यंतची उन्हाळी पेरणी, हे तिचे दोन हंगाम. मुंबई-कोकणच्या सौम्य थंडीत ती मधल्या काळातही तग धरते. परंतु पुणे-नाशिककडे डिसेंबरात पेरलेले बी गारठून बसते, कधी मातीतच कुजते. तेव्हा घाटावरच्या मंडळींनी संक्रांतीपर्यंत थांबावे.

बियांचे कवच टणक असते. रात्री वाटीभर पाण्यात भिजत घालून सकाळी पेरल्या की त्या लवकर उगवतात. दुकानातल्या बियांवर पुष्कळदा रंगीत औषधाचा लेप असतो. अशा बिया भिजवू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

भेंडीचे सोटमूळ खोल जाते आणि उपटून दुसरीकडे लावलेले तिला मानवत नाही. म्हणून रोप करण्याच्या फंदात न पडता बी जागेवरच टोकावे. कुंडी बारा इंच तरी खोल हवी. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून घेतला तरी चालतो. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर माती आणि चांगले कुजलेले शेणखत घालावे. एका कुंडीत दोन बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेराव्यात. ऊब असेल तर आठवड्याभरात अंकुर वर येतो. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापावे. उपटले तर दुसऱ्याची मुळे दुखावतात. जमिनीत वाफा असेल तर दोन झाडांत वीतभर आणि दोन ओळींत फूटभर अंतर सोडावे. दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. ते नसेल त्या गॅलरीत भेंडीचा हट्ट न धरता अळू लावावे.

आठ कुंड्यांचा हिशेब

सुमारे दीड महिन्यात पहिले फूल येते. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये गडद तांबडा ठिपका. भेंडी ही जास्वंदीची आणि कापसाची नातेवाईक, हे फूल पाहिले की सांगावे लागत नाही. ते सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. पुढे पाच-सहा दिवसांत शेंग तोडण्याजोगी होते. एक दिवसाआड तोडणी चुकवू नये. लव टोचून हात खाजतात, म्हणून जुने हातमोजे घालून कात्रीने देठ कापावा.

आठ कुंड्यांतून चौघांचे घर चालेल अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. भर हंगामात एका झाडाला आठवड्यात तीनेक शेंगा धराव्या. आठ झाडांच्या मिळून चोवीस, म्हणजे अदमासे पाव किलो. आठवड्यातून एकदा परतलेली भेंडी, एवढाच हा संसार! त्यातले एक झाड बियाण्यासाठी सोडायचे म्हणजे त्या एका भाजीतही हात आखडायचा. घरातून कुरकुर होईल. पण सगळ्या खटाटोपाचे सार या एका झाडात आहे.

केवड्याची कहाणी

भेंडीची पाने जाळीसारखी पिवळी पडतात, शेंगाही पिवळट, वाकड्या होतात. याला आपल्याकडे केवडा किंवा हळद्या म्हणतात. या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९२४ साली आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातून झाली. तो विषाणूचा रोग असून पांढरी माशी त्याला झाडाझाडावर पोचवते. त्यावर औषध नाही.

औषध नाही म्हटल्यावर उपाय उरला तो बियाण्याचा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी ‘पुसा सावनी’ ही भेंडी तयार केली. रोगाला दाद न देणारी म्हणून ती देशभर गेली. परंतु काही वर्षांत तिच्यावरही केवडा दिसू लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी भावंडाशी पुसा सावनीचा संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, आणि १९८५च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ आपल्या शेतांत आली. पुढे तिचाही जोर जागोजागी कमी पडला आणि नव्या जाती निघाल्या. निवड एकदा करून भागत नाही, ती दरसाल करावी लागते, हे या इतिहासातून दिसते. विद्यापीठाची सर आपल्या गॅलरीला येणार नाही. पण चांगले झाड ओळखून राखणे आपल्याही हातचे आहे.

कोणते झाड राखावे?

पहिली गोष्ट, बी विकत घेताना पुडी वाचावी. ‘संकरित’ लिहिले असेल तर पीक भरघोस येईल, परंतु त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी तशीच झाडे येत नाहीत. बी राखायचे तर परभणी क्रांतीसारखे सुधारित, सरळ वाण घ्यावे.

झाडे फुलावर आली की रोज सकाळी पाहणी करावी. जे आधी फुलले, ज्याची शेंग सरळ आणि उशिरापर्यंत कोवळी राहते, शेजारची झाडे पिवळी पडली तरी जे हिरवेगार राहिले, त्याच्या खोडाला लाल दोरा बांधावा. केवड्याचे झाड दिसताच उपटून टाकावे. हा रोग बियांतून येत नाही; तरी जे झाड रोगाला बळी पडले त्याचे बी हौसेने कशाला राखावे?

भेंडीचे फूल आपल्याच परागाने फळते, पण मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. शेजारी दुसरी जात असेल तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी मलमलीच्या लहानशा पिशवीत झाकावी आणि फूल गळाले की पिशवी काढावी. खालच्या व मधल्या पेरांवरच्या चार-पाच शेंगा ठेवाव्यात. शेंड्याच्या शेंगा भाजीत घ्याव्यात. फुलानंतर महिना-सव्वा महिन्यात शेंग तपकिरी होऊन तडकू लागते. ती पूर्ण उकलण्याआधीच काढावी, नाही तर बिया मातीत!

साठवण

बिया सोलून आठवडाभर सावलीत पसराव्यात. दाताखाली धरलेले बी कटकन फुटले तर वाळले. दबले तर अजून ओल आहे. पूर्वीच्या बायका वाळकी शेंगच चुलीवर आढ्याला टांगत, किंवा बिया राखेत घोळवून ठेवीत. धुराने कीड दूर राहते आणि राख ओल शोषते. त्यामागे विचार पक्का होता. आज घट्ट झाकणाची काचेची बाटली, तळाशी राखेची पुरचुंडी आणि वर जातीचे नाव व महिना लिहिलेली चिठ्ठी, एवढे पुरे. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सात-आठांना मोड आले तर बी उत्तम. चार-पाचांनाच आले तर कुंडीत दोनऐवजी चार टाकावे.

पावसाळ्यात पेरलेल्या भेंडीच्या वाळक्या शेंगा दिवाळीच्या सुमारास हाती येतात. एका शेंगेत चाळीस-पन्नास बिया धरल्या तर चार शेंगांच्या दीडशेहून अधिक होतात आणि आठ कुंड्यांना लागतात अवघ्या सोळा! उरलेल्यांचे काय करावे, याचे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. दिवाळीनंतर अडीच-तीन महिन्यांनी संक्रांतीचे हळदीकुंकू येते, आणि उन्हाळी पेरणीचा मुहूर्तही त्याच सुमाराचा. प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या लुटून झाल्या असतील, तर यंदा कागदाच्या पुडीत वीस-वीस बिया बांधाव्यात, वर जातीचे नाव लिहावे आणि तिळगुळाबरोबर ते वाण द्यावे. आपले बी एखाद्या वर्षी उंदराने खाल्ले किंवा बुरशीने गेले, तरी मागायला चार घरे राहतील.