पैठणीची ओळख

मनमाडहून कोपरगांवकडे जातांना वाटेंत येवलें लागतें. तात्या टोपे यांची जन्मभूमि म्हणून, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३५ सालीं धर्मांतराची घोषणा जेथें केली तें ठिकाण म्हणून, या गांवाचें नांव इतिहासांत आहे. पण घरोघरच्या स्त्रियांस येवलें ठाऊक आहे तें पैठणीमुळें. 'खरी येवल्याची' असें म्हटलें कीं पुढें बोलण्याचें कारण उरत नाहीं. आज याच शब्दांविषयीं मी कांहीं सांगणार आहें. कारण ते उच्चारणें जितकें सोपें झालें आहे, तितकेंच ते पारखणें अवघड झालें आहे.

मौल्यवान वस्तु दुरूनहि ओळखूं यावी लागते. स्वित्झर्लंडमधील ओदमार पिगे या घड्याळवाल्यांनीं १९७२ सालीं अष्टकोनी कड्याचें आणि त्यावर आठ स्क्रू उघडे दिसणारें एक घड्याळ काढलें. तबकडीवरील नांव न वाचतांहि तें ओळखतां येतें, आणि त्याच्या किंमतींत या ओळखीचा वांटा मोठा आहे. उद्यां तेंच कडें ज्याच्या त्याच्या मनगटावर स्वस्तांत दिसूं लागलें, तर कारखान्यापाशीं नांव तेवढें राहील. पैठणीवर असाच प्रसंग आला आहे. मात्र दोहोंत एक भेद आहे. घड्याळाची ओळख आकारांत असते. पैठणीची ओळख तिच्या विणींत आहे, आणि आपण ती चित्रांत शोधतों.

गोदावरीच्या कांठचें पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, हें पैठणीचें माहेर. येवलें हें तिचें सासर. रघुजी नाईक यांनीं येवल्याची पेठ वसविली आणि विणकरांस आणून येथें आश्रय दिला, असें परंपरा सांगते. पुढें पैठणांत ही कला क्षीण झाली, तेव्हां येवल्याच्या मागांनीं ती जगविली.

आतां ती विणतात कशी तें पाहूं. साध्या कापडांत बाण्याचा धागा धोट्याबरोबर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धांवतो. पैठणीच्या पदरांत तसें नसतें. तेथें प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते. तिल्ली म्हणजे रेशीम गुंडाळलेली बारीक कांडी. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, आणि तिची कड आली कीं शेजारच्या जरीच्या धाग्यांत अडकून माघारा फिरतो. एकाच ओळींत अशा कित्येक तिल्ल्या हातानें फिरवाव्या लागतात. त्यामुळें नक्षी आणि कापड हीं एकमेकांपासून वेगळीं करतां येत नाहींत. पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो. मागें धागे लोंबत नाहींत. कांठ आणि अंग यांचा सांधाहि असाच, धाग्यांत धागा अडकवून, तीन धोट्यांनीं साधतात. साध्या पदराच्या पैठणीस कांहीं आठवडे लागतात. भरगच्च पदरास सहा महिने, क्वचित् वर्षहि.

जॅकार्डची रीत निराळी. तेथें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मालिकेनें ताण्याचे धागे उचलले जातात. नक्षीचा जादा धागा हवा तेथें वर येतो आणि बाकीच्या ठिकाणीं पाठीमागून वाहत जातो. मागाहून तो कातरतात किंवा तसाच राहूं देतात. समोरून मात्र मोर हुबेहूब उठतो. किंबहुना अधिक रेखीव उठतो. कारण तिल्लीनें विणलेल्या मोराची वळणें जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांचीं दिसतात. यंत्रमागावरची अशी साडी थोड्या वेळांत तयार होते आणि फार कमी दामांत 'पैठणी' म्हणून विकली जाते. 'सेमी पैठणी' असें अर्धवट प्रामाणिक नांवहि तिला मिळालें आहे.

याला येवल्याच्या पेठेनें काय उत्तर दिलें? पैठणीच्या परंपरेंत असावलीची वेल, कमळ, कोयरी, हंस, अशर्फी असे नक्षीचे कितीतरी प्रकार आहेत. रंगांनाहि स्वतःचीं नांवें आहेत: काळी चंद्रकळा, पोपटी राघू, पांढरी शिरोदक. आज गिऱ्हाईक मोर मागतें. म्हणून पदरावर मोर, कांठावर मोर, आणि आतां अंगभरहि मोर. नक्षी जितकी दाट तितकी पैठणी खरी, अशी समजूत झाली आहे. वास्तविक नक्षी दाट करणें हें यंत्राला सर्वांत सोपें काम. ज्या शर्यतींत यंत्र जिंकणारच, त्याच शर्यतींत हातमाग उतरत आहे. विणकराला दोष कसा द्यावा? त्याला घर चालवावयाचें असतें. सहा महिने खपून विणलेल्या पदराकडे बोट दाखवून कोणी म्हणालें, 'हाच मोर बाजारांत चार हजारांत मिळतो,' तर त्यानें काय बोलावें? आणि हें बोलणें ऐकणाऱ्या त्याच्या मुलानें त्या मागावर कां बसावें?

कायद्याची मदत आहे. २०१० सालीं पैठणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तेव्हांपासून भलत्याच मालास हें नांव लावणें हा अपराध आहे. 'सिल्क मार्क' रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देतो. पण यंत्रमागावरचें शुद्ध रेशीमहि त्यास पात्र ठरतें. २००६ सालीं सुरू झालेला 'हँडलूम मार्क' हातमागाची खूण पटवितो; पण हातमागावरहि जॅकार्ड बसवितां येतें. या खुणा उपयोगी खऱ्या, तरी डोळ्याचें काम त्यांच्यानें होत नाहीं.

कोणी विचारील, मग बदल होऊंच नये काय? नऊवारीबरोबर सहावारी आली, सुरतेची जर आली; पैठणी टिकलीच ना? टिकली, कारण तो धाग्यांतला सांधा सुटला नाहीं. जॅकार्डची साडी विणण्यांत किंवा नेसण्यांत कांहीं वाईट नाहीं. ज्या घरास तेवढेंच परवडतें, तेथील मुलीनें ती हौसेनें नेसावी. विकणाऱ्यानें मात्र तिला जॅकार्डच म्हणावें.

म्हणून खरेदीस जाल तेव्हां प्रथम पदर उलटा करून पाहा. तो तिल्लीनें विणला आहे कीं जॅकार्डवर, हें स्पष्ट विचारा. एखादे वेळीं मोर बाजूस ठेवून असावलीचा पदर मागा. मागणारा भेटला तर विणणारा अजून आहे. आणि आजीची पैठणी घरांत जपलेली असेल, तर पुढच्या मंगलकार्यांत ती बाहेर काढाल तेव्हां सुनामुलींना तिची उलटी बाजूहि दाखवा. तेवढी पारख घरांत आली, तर येवल्याच्या विणकराला आपल्या कामाची किंमत पुन्हां पुन्हां समजावून सांगावी लागणार नाहीं.