रांगोळीची ओळ वाकडी का दिसते?

गेल्या मार्गशीर्षात सासूबाई देवापुढे रांगोळी काढत होत्या. "अगं, मधले ठिपके वाकडे दिसतात," म्हणाल्या. मी म्हटलं, "मोतीबिंदू असेल. परीक्षा झाल्या की दाखवू." शाळेचं स्नेहसंमेलन, मग पेपर, दाखवायला फाल्गुन उजाडला. मोतीबिंदूत सगळंच धुरकट दिसतं. यांना मात्र चांगला डोळा झाकला की माझं कुंकू गायब आणि कानातल्या कुड्या स्वच्छ! तिथंच मी चपापायला हवं होतं.

डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्टसर द्रव असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा बिनबोभाट सुटतो. काहींचा मात्र पडद्याच्या नेमक्या मध्यावर चिकटून राहतो आणि ओढ बसते. वाचायचं, सुई ओवायची, माणूस ओळखायचा तो याच मध्यबिंदूनं. तिथं बारीकसं, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं छिद्र पडतं. हे साठीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. (फार वाचल्यानं किंवा शिवणकामानं होत नाही हो!) दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा उणीव झाकतो, म्हणून पत्ता लागत नाही.

चष्म्यानं किंवा थेंबांनी हे भरत नाही. पूर्वी उपायच नव्हता. 1991 साली केली आणि वेंडेल या अमेरिकन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आतला द्रव काढून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. आता पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. मात्र दाखवायचं ते पडद्याच्या तज्ज्ञाकडे.

खरी कसोटी घरी. बुडबुडा छिद्रावर टेकावा म्हणून काही दिवस मान खाली. सासूबाई टेबलावर उशा रचून कपाळ टेकवून बसायच्या. चहा स्ट्रॉनं, करमणुकीला आकाशवाणी. वायू विरेपर्यंत विमान किंवा उंच डोंगर वर्ज्य, म्हणून नणंदेकडे दिल्लीला जाणं रद्द झालं. हळूहळू बुडबुड्याची रेघ खाली सरकली आणि वरून उजेड येऊ लागला.

छिद्र बुजलं. ठिपके पुष्कळ सरळ दिसतात, पण त्या डोळ्यानं बारीक अक्षर लागत नाही. लवकर आला असतात तर जास्त नजर परतली असती, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही.

दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो. म्हणून गणिताच्या चौकटीच्या वहीचं एक पान मी स्वयंपाकघरात चिकटवलंय. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्या रोज बघतात. रेघ वाकली किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. हल्ली दूध तापेपर्यंत मीही बघते.