वेबची बाराखडी – लेखांक ६ : एक्सएमएल वाचताना

गेल्या आठवड्यात आपण ग्रंथालयाच्या यादीची एक्सएमएल फाइल लिहिली: <पुस्तक>, त्याच्या पोटात <नाव>, <लेखक> आणि <किंमत>. टॅग मराठीत चालतात का, हा प्रश्न तेव्हा राहून गेला होता. चालतात. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलचे प्रमाण जाहीर झाले तेव्हापासून ते युनिकोडवर उभे आहे, त्यामुळे देवनागरी टॅगला हरकत नाही. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच जतन करा.

आता ही यादी जावास्क्रिप्टने वाचायची. जुन्या उदाहरणांत त्यासाठी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट दिसते. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर ही सोय आणली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले; त्यातला शेवटचा एक्स एक्सएमएलचाच. आज फाइल आणायला फेच पुरते. पण फेचकडे जेसनसाठी तयार मेथड आहे, एक्सएमएलसाठी नाही. म्हणून आलेले उत्तर आधी साधा मजकूर म्हणून घ्यायचे आणि डीओएमपार्सरच्या हाती द्यायचे. तो त्या मजकुराचे नोडचे झाड करून देतो. सोबत ‘अ‍ॅप्लिकेशन/एक्सएमएल’ हा प्रकार सांगायला विसरू नका. तिथे एचटीएमएलचा प्रकार दिलात, तर आरएसएस फीडमधला लिंक टॅग रिकामा निघतो, कारण एचटीएमएलमध्ये त्या टॅगच्या पोटात काही नसतेच.

झाड हाती आले की बहुतेक जण ‘फर्स्टचाइल्ड’ने पहिले मूल मागतात आणि हाती काहीच लागत नाही. याचे कारण नीट समजून घ्या. <पुस्तक> लिहून आपण एंटर दाबतो, दोन जागा सोडतो आणि मग <नाव> लिहितो. तो एंटर आणि त्या जागा हादेखील एक्सएमएलच्या लेखी मजकूरच, म्हणून त्यांचा वेगळा टेक्स्ट नोड तयार होतो. तीन टॅग तीन ओळींवर लिहिले, तर ‘चाइल्डनोड्स’ची संख्या ७ येते: तीन टॅग, चार रिकाम्या जागा. ‘चिल्ड्रन’ची मात्र ३ येते, कारण ते फक्त टॅग मोजते. माझ्या मते नवशिक्याने फर्स्टचाइल्डच्या वाटेला जाऊच नये. ‘क्वेरीसिलेक्टर’ला टॅगचे नाव द्यावे आणि ‘टेक्स्टकंटेंट’ने आतला मजकूर घ्यावा. तो पानावर ठेवतानाही टेक्स्टकंटेंटच वापरा. परक्या फाइलमधला मजकूर ‘इनरएचटीएमएल’मध्ये ओतणे धोक्याचे आहे; त्यात लपवलेली स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालू शकते.

दुसरी अडचण गुपचूप येते. एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएलमध्ये ती सवलत नाही. पुस्तकाच्या नावात नुसते ‘&’ आले (ते ‘&amp;’ असे लिहावे लागते), तरी सगळी फाइल नापास होते. आणि डीओएमपार्सर त्यावर एरर फेकत नाही, तुमचा ‘ट्राय-कॅच’ शांतच राहतो. तो ‘पार्सरएरर’ नावाचा टॅग असलेले झाड परत करतो, एवढेच. पार्स केल्यावर पहिली ओळ हा टॅग शोधणारीच असली पाहिजे. यात सूट घेऊ नका.

पुढच्या लेखांकात नेमस्पेस पाहू. तोवर आपल्या यादीतला एखादा बंद टॅग मुद्दाम खोडा आणि पार्सरएररमध्ये कोणता संदेश येतो तो स्वतः वाचून ठेवा.