लिनक्सवरचे लहरी वाय-फाय

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबवले आणि घरोघरच्या अनेक लॅपटॉपांपुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. यंत्र धडधाकट, पण विंडोज ११ साठी अपात्र. अशा यंत्रांना नवे आयुष्य देण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे लिनक्स. ही प्रणाली मोफत आहे, तिला फारशी साधनसामग्री लागत नाही आणि तासाभरात ती बसवताही येते. मात्र या वाटेवर अनेकांना पहिली ठेच लागते ती वाय-फायची. जोडणी होते, दहा-पंधरा मिनिटे सुरळीत चालते आणि मुलांचा ऑनलाइन तास किंवा कार्यालयाची बैठक रंगात आली की नेमकी तुटते. पुन्हा जोडावी तर जोडलीही जाते. असे आठ दिवस झाले की ‘लिनक्स आपल्याला जमायचे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि चांगला लॅपटॉप माळ्यावर किंवा भंगारात जातो.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. मधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे एक वैशिष्ट्य आहे: तो काही केले नाही तरी काही काळाने आपोआप थांबतो. त्यामुळे थांबण्याआधी आपण जो शेवटचा उपाय केला असेल तोच गुणकारी वाटतो. मग दोन दिवसांनी जोडणी पुन्हा तुटते आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या पाच-सहा आज्ञांपैकी कोणती उपयोगी आणि कोणती अपायकारक, हे कळेनासे होते. म्हणून येथे उपायांआधी निदान हवे. ते करण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. थोडा संयम, कागद-पेन्सिल आणि चार-पाच आज्ञा एवढे पुरेसे आहे. (या आज्ञा टर्मिनल नावाच्या खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.)

कोणती कडी निसटते?

‘इंटरनेट गेले’ या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. लॅपटॉपपासून संकेतस्थळापर्यंतची वाट म्हणजे एक साखळी आहे. लॅपटॉपमधील वाय-फाय कार्ड, घरातील राउटर, सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे जाळे आणि संकेतस्थळाच्या नावाचे आकडी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा, अशा तिच्या प्रमुख कड्या. यांपैकी कोणतीही निसटली तरी पडद्यावर दिसणारे दृश्य सारखेच असते.

कडी ओळखण्याचे साधन म्हणजे ‘पिंग’. ही आज्ञा दर सेकंदाला एक छोटा संदेश पाठवते आणि त्याचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगते. प्रथम ‘आयपी राउट’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. आता दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत ८.८.८.८ या गुगलच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करत ठेवावे आणि आपले काम सुरू करावे. जोडणी तुटली की दोन्ही खिडक्यांकडे पाहावे.

राउटर उत्तर देत असेल आणि बाहेरचा पत्ता गप्प असेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे. तक्रार सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे करावी. दोन्हीकडून उत्तर येत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर घ्यावा. राउटरच गप्प झाला असेल, तर त्याच क्षणी, त्याच खोलीत घरातील मोबाइलवर वाय-फाय चालते का ते तपासावे. मोबाइलही अडला असेल तर दोष राउटरचा किंवा हवेतील गर्दीचा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप अडतो, असे असेल तरच लिनक्सकडे बोट दाखवावे. ही एक चाचणी केल्याशिवाय लॅपटॉपमधील एकही सेटिंग बदलू नये.

संगणकाची रोजनिशी

लिनक्सचा मोठा गुण म्हणजे ही प्रणाली काही लपवत नाही. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, घडणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या घटनेची नोंद ठेवतो. ‘सुडो डीएमईएसजी’ या आज्ञेला उणे चिन्ह आणि मोठे टी अक्षर जोडले की ही रोजनिशी तारीख-वेळेसह पडद्यावर येते. जोडणी तुटली की घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी आणि नंतर रोजनिशीत त्याच मिनिटाच्या नोंदी वाचाव्यात. तीन-चार वेळा असे केले की आकृतिबंध दिसू लागतो.

ढोबळमानाने तीन प्रकारच्या नोंदी आढळतात. ‘डीऑथेंटिकेटेड फ्रॉम’ असे शब्द आणि पुढे एक कारण-क्रमांक असेल, तर निरोप देणारा राउटर आहे. ‘बाय लोकल चॉइस’ असे असेल, तर जोडणी लॅपटॉपनेच सोडली. सिग्नल क्षीण झाला, दुसरे जाळे बरे वाटले किंवा संगणक झोपी जाऊ लागला, अशी त्याची कारणे असू शकतात. तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. इंटेलच्या कार्डांबाबत ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर’ अशी ओळ आणि तिच्यामागे न समजणाऱ्या आकड्यांची रांग दिसते. याचा अर्थ कार्डाच्या आतील फर्मवेअरच कोलमडले. आणि नोंद काहीच नसेल, पण पिंगचा काळ दोन-चार मिलिसेकंदांवरून अचानक शेकड्यांत जात असेल, तर संशय वीजबचतीवर किंवा हवेतील गर्दीवर घ्यावा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

वाय-फाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याच्या आत चालणारा कार्यक्रम म्हणजे फर्मवेअर, तर लिनक्सच्या बाजूने त्याच्याशी बोलणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला उणे चिन्ह आणि के अक्षर जोडले की कार्ड कोणत्या कंपनीचे आहे आणि कोणता ड्रायव्हर वापरात आहे, हे दोन्ही कळते.

वाय-फायबाबत लिनक्सची जी जुनी अपकीर्ती आहे, तिचे मूळ येथे आहे. अनेक उत्पादकांनी आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती वर्षानुवर्षे उघड केली नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांचा ड्रायव्हर तर स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनाचा उलटा माग काढून लिहिला. कंपनीने काही नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. फर्मवेअरची अडचण निराळी. त्याचा मूळ आराखडा खुला नसल्याने डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ मंडळी ते आपल्या अधिकृत प्रतीत घालत नसत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत मिळू लागले. म्हणूनच जुनी प्रत बसवून तिला दोष देण्यापेक्षा नवी प्रत वापरणे श्रेयस्कर.

रोजनिशीत फर्मवेअर कोलमडल्याची नोंद असेल, तर प्रणालीची सर्व अद्ययावतने आधी करावीत. उलट, अद्ययावत केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. उबुंटूसारख्या प्रणाली तो सहसा जपून ठेवतात. जुन्या कर्नलवर जोडणी टिकली तर दोषाचे घर सापडले. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे नव्या लिनक्सची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसवता, तिच्यावरून तासभर काम करून पाहणे.

काटकसरीचा अतिरेक

बॅटरी वाचावी म्हणून वाय-फाय कार्ड अधूनमधून डुलकी घेते. राउटर साधारणपणे सेकंदातून दहा वेळा आपल्या अस्तित्वाची द्वाही फिरवतो. झोपलेले कार्ड या द्वाहीपुरते जागे होते आणि आपल्यासाठी काही संदेश राखून ठेवला आहे का ते विचारते. दोघांचा ताळमेळ जमला तर ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु काही कार्डे आणि काही राउटर यांचे सूत जुळत नाही. मग उत्तरे उशिरा येतात, दूरसंवादात आवाज तुटतो आणि कधी जोडणीच सुटते. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर त्रास कमी होत असेल, तर हा संशय बळावतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ही आज्ञा कार्डाचे नाव सांगते. त्यानंतर ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे कार्डाचे नाव आणि त्यापुढे ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ असे लिहिले की ही बचत बंद होते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की हा बदल पुसला जातो, त्यामुळे प्रयोगात धोका नाही. दोन दिवस जोडणी टिकली, तर नेटवर्कमॅनेजर या कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ या नोंदीपुढील ३ हा आकडा बदलून २ करावा. मग बदल कायमचा होतो. त्याची किंमत म्हणजे बॅटरी थोडी लवकर उतरते. ती जाणीवपूर्वक मोजावी.

हवेतील गर्दी

वाय-फायचा मूळ पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परवाना नाही म्हणजे गर्दी आलीच. ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास चालतो. इतकेच नव्हे, तर यूएसबी ३ ची जोडणी या पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. बाहेरची हार्ड डिस्क लावली की वाय-फाय मंदावते, या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या तक्रारीचे मूळ तेथे असते. डिस्क लांब वायरीने दूर ठेवून पाहावी.

मुंबई-पुण्यातील एखाद्या इमारतीत ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ही आज्ञा देऊन पाहा. वीस-पंचवीस शेजाऱ्यांची जाळी सहज दिसतील. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल असले, तरी ते एकमेकांवर सांडतात. परस्परांना धक्का न लावणारे तीनच: १, ६ आणि ११. यांपैकी जेथे गर्दी कमी तेथे राउटर कायमचा बसवावा. १२ किंवा १३ मात्र टाळावा, कारण काही देशांत ते चालत नसल्याने तेथील नियमांनुसार बांधलेल्या कार्डांना असा राउटर दिसतच नाही.

सिग्नलची ताकद ‘आयडब्ल्यू डेव्ह’, कार्डाचे नाव आणि ‘लिंक’ या आज्ञेने कळते. ती उणे आकड्यात येते. उणे ५० उत्तम, उणे ६५ पुरेशी, उणे ८० म्हणजे जोडणी धाग्यावर लोंबकळत आहे असे समजावे. हे मोजमाप फसवे आहे, कारण उणे ५० आणि उणे ८० यांच्यात शक्तीचा फरक हजारपट असतो. राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे आणि लॅपटॉप दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे, अशी रचना असेल तर कोणतीही आज्ञा कामाची नाही. राउटर उंचावर, मोकळ्या जागी हलवावा. अंतर कमी असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तेथे गर्दी कमी असते, पण भिंत भेदण्याची शक्तीही कमी. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर लॅपटॉप एकातून दुसऱ्यात उड्या मारत राहू शकतो. चाचणीपुरती त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत.

एका वेळी एकच बदल

या सर्वांपेक्षा महत्त्वाचे पथ्य शेवटी सांगायचे आहे. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह लिहून ठेवावा आणि निदान एक दिवस वाट पाहावी. उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घेऊन मगच पुढचा करावा. उसन्या उपायांचे दुष्परिणाम असतात. इंटेलच्या कार्डांसाठी वारंवार सुचवला जाणारा ‘११एन_डिसेबल’ हा पर्याय त्याचे ठळक उदाहरण. त्याने कधी जोडणी स्थिरावते हे खरे, पण कार्ड जुन्या मानकावर येते आणि वेगाची मर्यादा ५४ मेगाबिटवर घसरते. वर्षभरानंतर ‘लिनक्सवर इंटरनेट हळू चालते’ अशी तक्रार करणाऱ्याला आपणच लावलेली ही खीळ आठवतही नाही.

सर्व करूनही यश आले नाही, तर लॅपटॉपच्या झाकणाशी जाणारी अँटेनाची बारीक वायर सुटली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. लिनक्सच्या गाभ्यातच ज्याचा ड्रायव्हर आहे असे यूएसबी वाय-फाय उपकरण लावणे, हाही स्वस्त आणि सन्माननीय तोडगा आहे. महत्त्वाच्या बैठकीपुरता मोबाइल यूएसबी वायरीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. मदत मागायची वेळ आली, तर ‘वाय-फाय चालत नाही’ असे न म्हणता कार्डाचे नाव, कर्नलची आवृत्ती, तुटण्याची वेळ आणि त्या मिनिटाची रोजनिशी द्यावी. एवढी माहिती मिळाली तर सांगणाऱ्याला अंदाजाने उत्तर द्यावे लागत नाही.

तारा गेल्या आणि लहरी आल्या, तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला. तुटलेली तार बोटाने दाखवता येत असे, तुटलेली लहर दाखवता येत नाही. पण ती कोठे तुटली हे यंत्राने लिहून ठेवलेले असते. लॅपटॉप भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी ते एकदा वाचून पाहावे.