आधी जमीन पक्की, मगच रॅम्प



शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांसाठी आपल्या गटांतून कर्ज नेहमीच जातं. आता एक नवी मागणी ऐकू येते. घरच्या दुचाकी गॅरेजमध्ये गाडी उचलायचा हायड्रॉलिक रॅम्प बसवायचा. कुणी त्याला लिफ्ट म्हणतं. मागणी रास्त आहे. पण रॅम्प कसा बसवायचा, हे आधी समजून घ्या. आमच्या घरी ते उलट झालं, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाचं गॅरेज बडनेऱ्याला, घरासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये आहे. दिवसभर उकिडवं बसून काम, त्यामुळे तिशीतच त्याची कंबर धरली. मी गटातून कर्ज घेतलं, रॅम्प आणला. विकणारा म्हणाला, "काही नाही मावशी, चार बोल्ट मारा न् सुरू करा." आम्ही तसंच केलं. खाली दोन इंचाचा जुना कोबा, अन् त्याखाली आपली काळी माती. जुलै महिन्यात कोबा एका बाजूनं फुगला, मधोमध भेग पडली आणि दोन बोल्ट हातानं हलायला लागले. तेव्हा रॅम्पवर बुलेट होती अन् बाजूला पोरगा उभा होता. गाडी पडली नाही, एवढंच नशीब. रॅम्प दोन महिने बंद राहिला, हप्ता मात्र सुरूच होता.

दोष लोखंडाचा नव्हता

वऱ्हाडातली काळी माती कापसाला चांगली, पण बांधकामाला अवघड. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात सुकली की भेगाळते. घराच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात, त्या याच मातीमुळे. रॅम्पचा सगळा भार जमिनीवर येतो. साधी दुचाकी एकशे दहा-वीस किलोची, बुलेट दोनशे किलोच्या आसपास. त्यात रॅम्पचं स्वतःचं वजन, वर मेकॅनिक पाना ओढतो तेव्हाचा हिसका. जमीन हलली की बोल्ट सैल होतो, बोल्ट सैल झाला की रॅम्प डुलतो.

जमीन कशी करायची

रॅम्पखाली साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद जागा धरा. भोवती तीन-तीन फूट मोकळं पाहिजे, नाहीतर गाडी चढवता-उतरवता येत नाही.

१. काळी माती दीड-दोन फूट खोदून काढा. ती बाजूलाच पसरू नका, शेतात नेऊन टाका.

२. खड्ड्यात मुरूम भरा, पण एकदम नाही. सहा इंचाचा थर, त्यावर पाणी, मग दुरमुसानं ठोका. असे थरावर थर.

३. वर आठ मिलिमीटरच्या सळईची सहा-सहा इंचांवर जाळी बांधा. जाळी मुरमावर टेकू देऊ नका, खाली गिट्टीचे तुकडे ठेवून उचला.

४. सहा इंच जाडीचं काँक्रीट घाला. प्रमाण एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी. एवढ्या जागेला सिमेंटच्या सुमारे सहा गोण्या, अकरा-बारा घनफूट रेती अन् बावीस-तेवीस घनफूट गिट्टी लागते. पाणी बेतानं घाला. पातळ काँक्रीट ओतायला सोपं, पण कच्चं राहतं.

५. ओल्या पोत्यांनी झाकून चौदा दिवस पाणी मारा. बोल्टसाठी भोक अठ्ठावीस दिवसांनंतरच पाडा. घाई झाली की इथंच चुकतं.

पत्र्याचं पाणी जमिनीच्या कडेला पडत असेल तर पन्हाळ लावून दूर काढा. कडेनं पाणी मुरलं की माती पुन्हा फुगणारच. हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंत करावं. तेव्हा पाऊस नसतो आणि काँक्रीटही कडक उन्हात लवकर सुकत नाही.

बसवताना

बोल्ट काँक्रीटच्या कडेला अगदी चिकटून घेऊ नका, कड फुटते. भोकातली धूळ फुंकून काढल्याशिवाय फास्टनर ठोकू नका, धुळीत तो पकड घेत नाही. रॅम्प मोटरवर चालणारा असेल तर अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर हवाच. पावसाळ्यात ओल्या पायानं बटण दाबणारे आपलेच असतात. हे वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. घरच्या मीटरवर धंदा चालवायचा असेल तर महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, नंतर दंड भरण्यापेक्षा ते बरं.

मग चाचणी. रिकामा रॅम्प पाच वेळा वर-खाली करा. नंतर सिमेंटच्या चार गोण्या, म्हणजे दोनशे किलो, ठेवून उचला. बाजूच्या भिंतीवर खडूनं उंचीची खूण करा अन् तासाभरानं पाहा. रॅम्प खाली आला असेल तर कुठंतरी तेल गळतंय. तोपर्यंत जवळ कुणी उभं राहू नये.

तेलावर भरवसा नको

आपल्या बडनेऱ्यात रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे. एवढ्या कामाचा नियम एकच: जॅकनं उचलायचं, पण भार लोखंडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय खाली जायचं नाही. आपले म्हातारे बैलगाडीचं चाक काढताना आखाखाली दगड-लाकूड लावायचे, तेही त्याचसाठी. रॅम्पमधलं तेल गाडी उचलतं, पण धरून ठेवायचं काम लॉकचं आहे. पाइप फुटला किंवा सील गेलं तर तेल क्षणात उतरतं. म्हणून गाडी वर घेतली की लॉक लावायचा, रॅम्प थोडा खाली सोडून भार लॉकवर बसवायचा, पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं, दोन्हीकडून पट्टा बांधायचा. मगच हात आत.

एक सांगून ठेवते. कार उचलायची दोन खांबांची लिफ्ट ही वेगळी गोष्ट आहे. छोटी कारही सात-आठशे किलोच्या पुढे असते, आणि सगळा भार दोन खांबांच्या पायथ्याच्या बोल्टांवर ओढ घेतो. ती घरच्या घरी बसवायची नाही. इंजिनिअरला जमीन दाखवा, कंपनीचा माणूस बोलवा.

गटाच्या बैठकीत हे विचारा

रॅम्पसाठी कर्जाची मागणी आली की मैत्रिणींनो, फक्त "हप्ता भरशील ना?" एवढंच विचारू नका. हेही विचारा:

• कर्जाच्या रकमेत जमिनीचा खर्च धरला आहे का?
• तीन ठिकाणचे दर लेखी आणले का? त्यात किती किलो उचलतो, लॉक आहे का, वॉरंटी किती, दुरुस्तीला कोण येणार, हे लिहिलं आहे का?
• पक्कं बिल सदस्य ताईच्या नावावर आहे का? कर्ज तिचं, तर वस्तूही तिची.
• काँक्रीटचे अठ्ठावीस दिवस आणि चाचणीचे दिवस धरून पहिला हप्ता ठरवला आहे का?

आम्ही नंतर कोबा फोडला, माती काढली, सगळं पुन्हा केलं. खर्च दुप्पट झाला. आता दोन पावसाळे गेले, एकही बोल्ट हलला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः पाना घेऊन चारही बोल्ट तपासते. पोरगा हसतो, "आई, तू काहून एवढी काळजी करतं?" मी म्हणते, "बावा, हप्ता माझ्या नावावर आहे, अन् तूही माझाच आहेस."