धूर गेला, वायू राहिला

वीसेक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात संघटनेचे काम करीत होतो. तेथे दोन वर्षे भांडल्यावर चिमणीला धूळ धरणारे यंत्र बसले. वस्तीतल्या वाळवणावर काजळी पडेनाशी झाली, आम्ही पेढे वाटले, आणि द्वारसभेत मी ठणकावून सांगितले की प्रदूषणाचा प्रश्न मिटला! श्रोतेहो, ते माझे अज्ञान होते. यंत्राने धूळ धरली. कार्बन डायॉक्साइड पूर्वीइतकाच वर जात होता. त्याला रंग नाही, वास नाही. तक्रार करणार कोण?

आपल्या वरठीला पोलाद होते. तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते. मँगनीजचा मोठा खप पोलादातच. आता लोखंडाचे खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांची पक्की गाठ. ती कोळसा सोडवतो. तो भट्टी तापवतो आणि शिवाय खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. घरी चूल जाऊन गॅस आला की लाकूड सुटते. भट्टीचा कोळसा इतक्या सहज सुटत नाही, तो याच दुसऱ्या कामामुळे. १२ किलो कार्बनला ३२ किलो प्राणवायू चिकटला की ४४ किलो वायू होतो. भारतात टनभर पोलादामागे असा सुमारे अडीच टन वायू निघतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘हरित पोलादा’साठी २.२ टनांची मर्यादा ठरवली.

भंगार वितळवले तर गाठ सोडवायचे काम उरत नाही, विजेची भट्टी पुरते. मात्र ती वीज कोराडी-मौद्याच्या कोळशाची असेल, तर वायूने फक्त गाव बदलले! आणि देशाला पुरेल इतके भंगार आहे कुठे? स्वीडनमध्ये लुलेओ येथे २०२० पासून कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पाहत आहेत. तो प्राणवायू घेतो आणि त्याचे पाणी होते. मार्ग उत्तम, पण महाग.

तरी भट्ट्या बदलतील. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनच्या हिशेबाने आकारणी लागू केली आहे. बाजार गमावणे मालकाला परवडत नाही. पण कोळसा उतरवणारा, चाळणारा माणूस बहुधा कंत्राटी. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावरच नसते, मग नव्या भट्टीचे शिक्षण त्याला कोण देणार? आमच्या मागणीपत्रात हे कलम आम्ही घातले आहे. बोनसवर चार बैठका झाल्या. या कलमावर ‘पुढे पाहू’ एवढेच उत्तर आले.